भिरूड, रोठा, पिन होल बोरर : खोड पोखरणाऱ्या भुंग्यांविषयी वाचकांचे प्रश्न

पाऊस सुरू झाला की कलमाच्या खोडाला भोक, काजूच्या बुंध्याशी भुसा, पलंगाखाली पीठ अशा तक्रारींची पत्रं वाढतात. या वेळी त्यांतली काही एकत्र घेतली आहेत. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून आधीच सांगतो. खोड पोखरणारा भुंगा बहुतेक वेळा दुसऱ्या क्रमांकावर येतो. झाड आधी तहानतं, पाण्यात उभं राहतं, जखमी होतं किंवा उपाशी राहतं, आणि मग भुंग्याला त्याचा पत्ता लागतो. त्यामुळे औषधाचं नाव विचारण्याआधी आपलं झाड कशामुळे थकलं, हे स्वतःला विचारा. याला एक मोठा अपवाद आहे. तो शेवटच्या पत्रात येईल.

देवगडजवळ आमची हापूसची जुनी कलमं आहेत. गेल्या वर्षी दोन कलमांच्या मोठ्या फांद्या एकाएकी सुकल्या. खोडाच्या भोकातून भुसा पडतो. शेजारी भिरूड म्हणतात. भोकात रॉकेल ओतलं, तरी भुसा थांबत नाही. काय चुकतंय? – एक बागायतदार

शेजारी बरोबर सांगत आहेत. भिरूड म्हणजे बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा या भुंगेऱ्याची अळी. भुंगेरा करड्या रंगाचा, पाच सेंटिमीटरच्या आसपास लांब, मिशा अंगापेक्षाही लांब आणि मानेच्या पाठीवर दोन नारिंगी-गुलाबी ठिपके. पावसाच्या सुरुवातीला तो बाहेर पडतो, रात्री फिरतो, दिव्यावर येतो. मादी सालीला दातांनी चीर पाडून तीत एकेक अंडं ठेवते. अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला सालीखालचा कोवळा थर खाते, मोठी झाली की लाकडात शिरते. पूर्ण वाढलेली अळी नऊ-दहा सेंटिमीटर लांब, पांढरट पिवळी आणि बिनपायांची असते. हे सगळं होईपर्यंत साधारण वर्ष जातं, आणि या वर्षातले बरेच महिने बाहेरून काहीच कळत नाही.

फांदी एकाएकी सुकल्यासारखी वाटते, पण सालीखाली ते काम कित्येक आठवडे चाललेलं असतं. पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांकडे नेणारा थर सालीला लागूनच असतो. अळ्यांनी तो चहूबाजूंनी खाल्ला की मुळं उपाशी पडतात आणि झाडाला पुन्हा उभं राहता येत नाही.

आता रॉकेलविषयी. ज्या भोकातून भुसा पडतो तिथे अळी बसलेली नसते. ते भोक ती घाण बाहेर ढकलण्यासाठी वापरते आणि स्वतः बोगद्यात बरीच आत असते. मधला बोगदा भुशाने ठासलेला असतो, त्यामुळे तुम्ही ओतलेलं रॉकेल तो भुसाच पिऊन टाकतो. वर जास्त ओतलं तर आजूबाजूची जिवंत सालही भाजून निघते. आधी ओला, ताज्या रंगाचा भुसा कोणत्या भोकातून येतोय ते शोधा. कोरडा, काळपट भुसा जुना असतो. सैल झालेली साल पटाशीने हलकेच काढा. सायकलच्या तारेचं टोक वाकवून आकडा करा आणि बोगद्यातला भुसा ओढून काढा. अळी लागली तर आकड्यालाच येते. ती आली नाही आणि बोगदा खोल असेल, तरच शिफारस केलेल्या कीटकनाशकात भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून भोक चिखलाने लिंपा. आठवड्याने पुन्हा बघा. चिखल फोडून नवा भुसा आला असेल तर अळी जिवंत आहे. एकाच खोडात अनेक अळ्या असू शकतात, त्यामुळे एक सापडली म्हणून थांबू नका.

बागायतदार एका ठिकाणी हमखास चुकतात. वाळलेली फांदी तोडतात आणि सरपणासाठी कुंपणाशी रचून ठेवतात. फांदी तोडली म्हणून आतली मोठी अळी मरत नाही. ती त्याच लाकडात वाढ पुरी करते, कोषात जाते आणि पुढच्या पावसात भुंगेरा होऊन तुमच्याच बागेत येते. तोडलेलं लाकूड पावसाआधी जाळून संपवा, किंवा फोडून आतल्या अळ्या काढा. सरपणाचा ढीग हीच भिरुडाची पैदास करण्याची जागा असते, हे मी शक्य तितक्या कळकळीने सांगतो.

जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी खोड आणि मोठ्या फांद्यांचे बेचके हाताने चाचपून बघा. गडीमाणसांनाही ताजा भुसा ओळखायला शिकवा. आणि पहिला प्रश्न विसरू नका. कल्टार (मोहोर लवकर आणि भरपूर यावा म्हणून देतात ते वाढ रोखणारं औषध) देऊन भरघोस पीक घेतलं, पण त्या प्रमाणात खत-पाणी दिलं नाही, अशी कलमं मला भिरुडाच्या तक्रारींत वारंवार दिसतात. फांद्यांची दाटी झाली आहे, बांडगुळं काढलेली नाहीत, छाटणीच्या जखमा उघड्या आहेत, या सगळ्यांतून झाड थकत जातं. दोन कलमांवर औषध घालून बाकीची तशीच ठेवलीत, तर पुढच्या वर्षी तिसऱ्या कलमाविषयी पत्र लिहावं लागेल. पुरंदर भागातल्या अंजीर उत्पादकांनीही हे उत्तर आपल्यासाठी आहे असं समजावं. हाच भुंगेरा अंजिरावर येतो.

शेजारच्या काजूच्या बागेत तीन झाडं वाळून उभी आहेत. मालक मुंबईत असतात, काढत नाहीत. आमच्या झाडांना त्यामुळे रोठा लागेल का? – दोडामार्ग

लागू शकतो. काजूचा रोठा म्हणजे प्लोसिडेरस फेरुजिनियस या तांबूस भुंगेऱ्याची अळी. तिचं काम बहुतेक जमिनीपासून मीटरभर उंचीच्या आत आणि उघड्या पडलेल्या मुळांवर चालतं. बुंध्याशी छोटी भोकं, डिंक आणि त्यात मिसळलेला भुसा ही पहिली खूण. पानं पिवळी पडणं ही फार उशिराची खूण आहे. शेंडा पिवळा झाला किंवा बुंध्याच्या घेराची अर्ध्याहून अधिक साल खाल्ली गेली, की ते झाड वाचत नाही. असं झाड उभं ठेवलं तर त्यातून भुंगेऱ्यांची पुढची पिढी बाहेर पडते. म्हणून ते मुळासकट काढून नष्ट करायचं, हीच शिफारस आहे.

तुमच्या झाडांचे बुंधे मात्र आजच वाकून बघा. डिंक दिसला तर साल तासून अळी काढा. निरोगी झाडांच्या बुंध्यांना आणि उघड्या मुळांना पाच टक्के कडुनिंबाचं तेल, थोडं साबणाचं पाणी मिसळून, वर्षातून दोन-तीनदा चोपडा आणि उघड्या मुळांवर माती चढवा. मुंबईच्या मालकांना फोन करून सांगा की झाडं तोडायची मजुरी आम्ही देतो, लाकूड आम्ही जाळतो. ती मजुरी तुमच्या एका झाडाच्या किमतीपेक्षा कमी पडेल. रोठा सर्व्हे नंबर बघून हद्द ओळखत नाही, तेव्हा वाडीने मिळून एकाच आठवड्यात बुंधे तपासले तर त्याचा खरा उपयोग होतो. दोडामार्गाच्या पलीकडे गोव्यातल्या बागांनाही हेच लागू आहे.

डाळिंबाच्या खोडावर टाचणीएवढी भोकं पडली आणि दोन वर्षांत निम्मी बाग काढावी लागली. पानांवर महागडी औषधं फवारली, उपयोग झाला नाही. नवी लागवड करावी की डाळिंब सोडावं? – सांगोला तालुका

हे पत्र वाचून वाईट वाटलं. सांगोला, आटपाडी, पंढरपूर या पट्ट्यात पिन होल बोररने गेल्या काही वर्षांत किती घरांचं गणित मोडलं, ते या भागात फिरणाऱ्या कुणालाही माहीत आहे. ज्वारीचं पीक गेलं तर एक हंगाम जातो. डाळिंब गेलं तर लावणीपासून पहिला बहार धरेपर्यंतची दोन-तीन वर्षं, ठिबकचा खर्च आणि त्यावर काढलेलं कर्ज, सगळं एकदम जातं. खोडकिड्याचं नुकसान मोजताना ही गेलेली वर्षं धरायला हवीत. पंचनाम्यात ती बहुतेक धरली जात नाहीत.

फवारणीचा उपयोग का झाला नाही, ते आधी समजून घ्या. हा भुंगेरा जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो आणि तो लाकूड खात नाही. मादीच्या शरीरात बुरशी साठवण्याची खास पिशवी असते. ती खोडात बोगदा करते आणि भिंतींवर ती बुरशी लावते. बुरशी वाढते, आणि मादी व तिची पिल्लं त्या बुरशीवर जगतात. बाहेर पडणारा लाकडाचा चुरा कधी कधी अगरबत्तीच्या राखेच्या कांडीसारखा खोडावर उभा राहिलेला दिसतो. नरांना उडता येत नाही. बहीण-भावांचं मीलन बोगद्यातच होतं आणि बाहेर येणारी मादी आधीच फळलेली असते. म्हणजे एक मादीसुद्धा नव्या झाडावर वसाहत उभी करू शकते. ही सगळी घडामोड लाकडाच्या आत चालते, तिथे पानांवरची फवारणी पोचणार कशी? दरम्यान बुरशी पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवत जाते आणि झाड वाळतं.

आता हा भुंगेरा तुमच्याच बागेत का आला? ज्या मुळांना हवा मिळत नाही, त्या झाडात अल्कोहोल तयार होतं, आणि या गटातले भुंगेरे नेमक्या त्या वासावर येतात. त्यांना पकडण्याचे सापळेसुद्धा अल्कोहोल ठेवूनच लावतात. दुष्काळी भागातली आपली डाळिंबं पाणी साठणाऱ्या भारी जमिनीत लावली गेली, अतिवृष्टीत आठवडा-आठवडा पाण्यात उभी राहिली, किंवा बहारासाठी पाणी तोडून कडक ताण देऊन एकदम पाण्यावर आणली गेली, की मुळं आधी खचतात. त्यात मर रोगाची बुरशी आणि सूत्रकृमी असतील तर मुळांचं उरलंसुरलं बळही जातं. खोडावरची भोकं त्यानंतर दिसतात. एका वर्षात दोन-दोन बहार ओढणाऱ्या बागा सगळ्यात आधी बसल्या, असं मी पाहिलं आहे.

मग करायचं काय? ज्या झाडाच्या मुख्य खोडावर पुष्कळ भोकं आहेत, ते झाड वाचवायला जाऊ नका. मुळासकट काढा आणि त्याच दिवशी जाळा. बांधावर टाकलेली डाळिंबाची खोडं मी कित्येक ठिकाणी बघतो, आणि त्यांतून भुंगेरे महिनोनमहिने निघत राहतात. उरलेल्या झाडांच्या खोडाला जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत गेरूच्या पातळ काल्यात शिफारस केलेलं कीटकनाशक आणि बुरशीनाशक मिसळून लेप द्या. हा लेप भुंगेरा आत शिरण्याआधी द्यायचा असतो. आत शिरल्यानंतर त्याचा फारसा उपयोग नाही. औषधांची नावं आणि मात्रा इथे मुद्दाम देत नाही. त्या शिफारशी बदलतात, आणि निर्यातीचा माल असेल तर अवशेषांची मर्यादा सांभाळावी लागते. सोलापूरला २००५ सालापासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. त्यांची चालू शिफारस घ्या. दुकानदाराच्या सल्ल्यावर पैसे घालू नका.

डाळिंब सोडावं का? जमीन हलकी, निचऱ्याची असेल तर सोडू नका. काळ्या, चिबड जमिनीत मात्र पुन्हा लावू नका, कितीही भाव असला तरी. नव्या बागेत गादीवाफा उंच ठेवा, चर काढा, खात्रीची रोगमुक्त रोपं घ्या, ओळींत अंतर वाढवा. अशक्त झाडाचा बहार एक वर्ष सोडून द्यायची तयारी ठेवा. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, कारण घर त्या बहारावर चालतं. तरीही सांगतो, कारण बाग वाचलेल्या शेतकऱ्यांनी नेमकं हेच केलेलं दिसतं.

माडाच्या नव्या झावळ्यांना त्रिकोणी काप दिसतात. एका माडाचा शेंडा कोलमडला. दोन्ही एकाच किड्याचं काम आहे का? – गुहागर

किडे दोन, पण एक दुसऱ्याला वाट करून देतो. त्रिकोणी काप गेंडाभुंग्याचे. तो मिटलेल्या सुईत शिरून खातो, आणि ती झावळ उलगडली की काप दिसतात. त्याच्या अळ्या माडात नसतात, शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या ओंडक्यांत वाढतात. त्यामुळे उपाय खड्ड्यापासून सुरू होतो. खत चाळताना अळ्या वेचा, खड्ड्यात मेटारायझियम ही अळ्यांना मारणारी बुरशी मिसळा. वरच्या दोन-तीन झावळ्यांच्या बेचक्यात वाळू आणि तीन-चार डांबरगोळ्या ठेवा.

शेंडा कोलमडला तो सोंड्या भुंग्यामुळे. गेंडाभुंग्याने केलेल्या किंवा कोयत्याने झालेल्या ताज्या जखमेच्या वासावर तो येतो, तिथे अंडी घालतो, आणि अळ्या आतला मऊ गाभा खातात. खोडातून तांबूस चिकट पाणी झिरपतं, कान लावला तर कुरतडण्याचा आवाज येतो. झावळ तोडताना देठाचा चारेक फूट भाग ठेवून तोडा म्हणजे जखम खोडापासून लांब राहते. कामगंध सापळे लावा, पण एकट्याने आपल्या चार माडांत लावू नका. आजूबाजूचे भुंगे तुमच्याच वाडीत ओढले जातात. कोलमडलेला माड फोडून जाळा.

हा सोंड्या भुंगा मूळचा आपल्याच भागातला, दक्षिण आणि आग्नेय आशियातला. माड-खजुरांच्या व्यापारातून तो १९८० च्या दशकाच्या मध्यावर आखाती देशांत पोचला, पुढे इजिप्त, स्पेनपर्यंत गेला आणि तिथल्या खजुरांच्या बागांचा सगळ्यात घातक शत्रू झाला. दुबई-मस्कतला असणाऱ्या आपल्या वाचकांना रस्त्याकडेच्या खजुरांवर लावलेले सापळे दिसत असतील, ते याच्याचसाठी.

नवा पलंग सागवानी म्हणून घेतला. वर्षाच्या आत खाली मैद्यासारखं पीठ पडायला लागलं. वाळवीचं पेस्ट कंट्रोल केलं, तरी पीठ पडतंच. – कोथरूड, पुणे

वाळवी नाही, म्हणून उपयोग झाला नाही. वाळवी जमिनीतून येते आणि मातीच्या नळ्या बांधते. तिच्यासाठी फरशीला भोकं पाडून औषध सोडतात. तुमच्याकडे लिक्टस गटातले भुंगेरे आहेत. ते लाकडातूनच घरात आले आहेत आणि जमिनीशी त्यांचा संबंध नाही. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि बोटांत गुळगुळीत लागणारं बारीक पीठ, एवढ्यावरून ते ओळखता येतात. मादी लाकडाच्या उघड्या छिद्रांत अंडी घालते. त्याआधी ती लाकूड चाखते, आणि त्यात पुरेसा स्टार्च असेल तरच तिथे अंडी घालते. स्टार्च असतो तो खोडाच्या बाहेरच्या फिकट लाकडात. सागाचा आतला गडद गाभा या भुंगेऱ्यांपासून जवळजवळ सुरक्षित असतो. तेव्हा विक्रेत्याने साग दिलाही असेल, पण बाहेरचं पांढरं लाकूड रंग मारून दिलं आहे, किंवा आतल्या पट्ट्या दुसऱ्याच लाकडाच्या आहेत. पलंगाची मागची, न रंगवलेली बाजू बघा. भोकं फिकट पट्ट्यांतच दिसतील.

सगळं फेकायची गरज नाही. भोकांखाली काळा कागद पसरा आणि पंधरा दिवस थांबा. नवं पीठ पडलं तर कीड जिवंत आहे. नुसती जुनी भोकं असतील तर विषय संपलेला असू शकतो. जिवंत असेल तर बाधित पट्ट्या बदलून घेणं सगळ्यात स्वस्त. बाकीच्या लाकडाच्या पॉलिश नसलेल्या सगळ्या बाजूंना बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं द्रावण दोन-तीन हात द्या, सुकू द्या आणि मग सर्व बाजूंनी पॉलिश करा. पॉलिशने आतली अळी मरत नाही, पण नवी अंडी घालायला छिद्र उघडं राहत नाही. यापुढे फर्निचर घेताना लाकूड पॉलिशच्या आधी बघायचा आग्रह धरा. चांगला सुतार नाही म्हणणार नाही.

आमच्याकडे माणगा बांबू भरपूर आहे. अमावस्येला तोडलेल्या बांबूला घुण लागत नाही असं म्हणतात. खरं का? – कुडाळ

बांबूचा घुणही स्टार्चवरच येतो. पावसाळ्यात नवे कोंब वाढतात, त्यात साठवलेला स्टार्च खर्च होतो. म्हणून पाऊस संपल्यावर, थंडीत तोडलेला पक्का बांबू टिकतो, आणि उन्हाळ्यात तोडलेला लवकर पोखरला जातो. मी महिना बघतो, तिथी बघत नाही. तोडल्यावर तीन-चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायची आपली जुनी पद्धत उत्तम आहे. विकायचा माल असेल तर त्यावर बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया कराच. प्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या बांबूच्या भावातला फरकच तो खर्च भरून काढतो.

लहानपणी बालाघाटकडच्या जंगलात सालाची झाडं किड्याने मेली आणि गावकरी किडे पकडून पैसे मिळवायचे, असं ऐकलं होतं. ते काय होतं? – एक शिक्षिका, गोंदिया

तो सालाचा खोडकिडा, होप्लोसेरॅम्बिक्स. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मंडला, दिंडोरी, बालाघाट भागात त्याचा मोठा उद्रेक झाला आणि लाखो झाडं गेली. त्याआधी १९२० च्या दशकातही त्याच मध्य भारतात असाच उद्रेक नोंदलेला आहे. पकडण्याची पद्धत जुनी आहे. पहिल्या पावसात भुंगेरे बाहेर येतात, तेव्हा एखादं साल झाड तोडून त्याचे ओंडके ठेचून ठेवतात. त्या रसाच्या वासावर भुंगेरे जमतात, रस पिऊन सुस्त होतात, आणि गावकरी ते वेचून मोजून देतात.

एरवी हा किडा जंगलात असतोच, पण पडलेल्या आणि मरणाऱ्या झाडांत. निरोगी सालवृक्ष राळ सोडून लहान अळ्यांना बुडवून मारतो. पण पडलेल्या ओंडक्यांमुळे किंवा अनुकूल पावसामुळे भुंगेऱ्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली, की एका झाडावर इतक्या अळ्या चढतात की राळ पुरत नाही, आणि मग धडधाकट झाडंही पडतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पाइन झाडांच्या भुंगेऱ्याने १९९० च्या दशकानंतर जवळजवळ १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला झळ पोचवली, त्यातही हेच घडलं. तिथली एकसारख्या वयाची दाट जंगलं आणि अळ्यांना मारण्याइतकी कडाक्याची थंडी न पडलेले हिवाळे, ही दोन कारणं त्यात एकत्र आली.

सोसायटीच्या आवारात एक जुनं झाड वाळलं आहे. त्यात भुंगे आहेत. बाकीच्या झाडांना लागण होईल म्हणून काहींना ते तोडायचं आहे. मला त्यावर येणारे सुतार पक्षी वाचवायचे आहेत. – ठाणे

तुमच्या बाजूने सांगण्यासारखं खूप आहे. वाळलेल्या लाकडावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी बहुतेकांना जिवंत झाडाशी काही घेणंदेणं नसतं. लाकूड टणक, त्यात पोषण कमी. ते पचवण्यासाठी त्यांना बुरशी आणि जिवाणूंची मदत लागते. त्यांनी पाडलेल्या बोगद्यांतून पाणी आणि बुरशी आत शिरते आणि वर्षानुवर्षं खोडात अडकलेली पोषणद्रव्यं मातीत परत जातात. सुतार पक्षी त्यांच्या अळ्या खातो आणि मऊ झालेल्या खोडात ढोली कोरतो. तांबटही वाळल्या फांदीतच ढोली कोरतो. सुताराने सोडलेल्या ढोलीत पोपट, साळुंकी, पिंगळा राहतात. सह्याद्रीतल्या धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. जुनी, आतून पोकळ झालेली झाडं राहिली तरच त्याची वीण होते. आपल्या देवरायांत पडलेलं लाकूडही उचलायचं नाही, असा नेम कित्येक गावांत होता. त्या नेमाने या भुंगेऱ्यांना आणि त्यांच्यावर जगणाऱ्या सगळ्यांना सांभाळलं.

बागेतल्या उत्तरात मी लाकूड जाळा म्हणालो आणि इथे ठेवा म्हणतोय, कारण तिथे भुंगेरा त्याच जातीच्या जिवंत झाडावर जाणारा होता. तुमचं झाड आंब्याचं असेल आणि शेजारी आंबे असतील, तर तुमच्या सोसायटीतल्या लोकांचं म्हणणं योग्य आहे. तसं नसेल तर धोका उरतो तो फांदी पडण्याचा. फांद्या उतरवून आठ-दहा फुटांचं खोड उभं ठेवता येतं, वाटेपासून आणि गाड्यांपासून लांब असेल तर. त्यासाठीही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्या. आणि झाड वाळलं कशाने तेही बघा. बुंध्याला टेकवून पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट घातलं असेल तर उरलेल्या झाडांभोवतीचं काढून टाका, नाहीतर तीही याच वाटेने जातील.

आम्ही निर्यातीसाठी लाकडी पॅलेट बनवतो. उष्णता-प्रक्रियेचा खर्च ग्राहकाला पटत नाही. ती खरंच इतकी गरजेची आहे का? – चाकण

गरजेची आहे, आणि त्यामागे एक भुंगेराच आहे. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मेपलची झाडं मरताना दिसली. आशियाई लांब-मिशांचा भुंगेरा चीनहून मालाच्या लाकडी खोक्यांतून तिथे पोचला होता. १९९८ साली तो शिकागोत सापडला. तिथे दीड हजारांहून अधिक झाडं तोडून, दहा वर्षं पाळत ठेवून २००८ साली तो संपल्याचं जाहीर झालं. अशा अनुभवांतून २००२ साली आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम आला. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं, साल काढलेली, आणि त्यावर गव्हाच्या ओंबीच्या चिन्हाचा शिक्का. न शिजवलेल्या लाकडावर नुसता शिक्का मारून देणारे असतात. त्यांच्यापासून लांब राहा. बंदरात जिवंत अळी सापडली तर अख्खा माल परत येतो. ग्राहकाला खर्च नकोच असेल तर प्लायवूडचं पॅलेट सुचवा. ते तयार होतानाच उष्णता आणि दाबाखालून जातं, त्यामुळे त्याला या नियमातून सूट आहे.

घरामागे मोठं अ‍ॅशचं झाड आहे. शेंड्याची पानं विरळ झाली आहेत आणि सुतार पक्षी साल सोलतात. झाड वाचेल का? – मिसिसागा, ओंटारिओ

सुरुवातीला म्हटलेला अपवाद हाच. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा हिरव्या धातूसारखा चकाकणारा, सेंटिमीटरभर लांबीचा भुंगेरा ईशान्य आशियातला. तिथली अ‍ॅश झाडं हजारो वर्षं त्याच्या सोबतीने वाढली, त्यांना त्याला आवरता येतं. तिथे तो आजारी झाडांवरच भागवतो. २००२ साली तो डेट्रॉइटजवळ आणि पलीकडे विंडसरला सापडला. उत्तर अमेरिकेतल्या अ‍ॅशकडे त्याच्याविरुद्ध काहीच तयारी नव्हती. तिथे तो निरोगी, खात्यापित्या झाडांनाही मारतो, आणि आजवर कोट्यवधी झाडं गेली आहेत. नुकसानाचा मोठा वाटा शहरांवर पडला, कारण एल्म झाडं रोगाने गेल्यावर रस्त्यांच्या कडेला ओळीने अ‍ॅशच लावले होते. एकाच जातीची ओळ लावण्याची ही किंमत आपल्या नगरपालिकांनीही लक्षात घ्यावी.

खोडावर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची तीन-चार मिलिमीटरची भोकं आणि सैल सालीखाली नागमोडी बोगदे दिसले तर निदान पक्कं. शेंड्याची तिसरा हिस्सा पानं गेली नसतील तर झाड वाचवण्याचा प्रयत्न करण्यासारखा आहे. कॅनडात त्यासाठी खोडात अ‍ॅझाडिरॅक्टिन टोचतात, जे आपल्या कडुनिंबाच्या बियांतून मिळतं. ते परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं लागतं आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं, म्हणजे खर्च दर वेळी येणार. पानं अर्ध्याहून अधिक गेली असतील तर टोचण्यात पैसे घालू नका. आणि झाड लवकर उतरवा, कारण मेलेला अ‍ॅश फार लवकर ठिसूळ होतो आणि उशीर केला तर चढणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका असतो. तोडलेलं लाकूड कॉटेजवर शेकोटीसाठी नेऊ नका. हा भुंगेरा स्वतः उडत जितका पसरला नसता, तितका तो सरपणाच्या गाड्यांतून पसरला आहे. लाकूड तिथेच चिरून घ्या किंवा पालिकेच्या केंद्रावर द्या, आणि त्या जागी अ‍ॅश सोडून स्थानिक ओक किंवा दुसऱ्या जातीचं झाड लावा.